पेंडीचं पीठ आणि मामींची गाय

तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड स्वच्छ करून दळायची आणि ते पीठ माणसांच्या गळी उतरवायचं, ही माझी मद्रासमधली पहिली नोकरी. नवरा रेल्वेत कारकून; लग्न होऊन मी पुण्याहून आले होते. ते टंचाईचे दिवस. पीठ पौष्टिक होतं आणि सरकार ते फुकट वाटत होतं. नोकरी मात्र तात्पुरती. बायका पीठ पुन्हा मागायला लागल्या तरच मी कायम होणार होते, आणि मला व्हायचंच होतं. दिवसभर घरात बसून राहणं माझ्या स्वभावात नाही.

आम्ही राहायचो त्या वेस्ट मांबलम भागात मी घरोघर त्या पिठाचे लाडू करून दाखवले. बायका गोड बोलत आणि लाडू तसाच ठेवत. दोडक्याच्या साली न टाकता त्यांची चटणी करणाऱ्या बायका या! पण पेंड म्हटलं की नाक मुरडायच्या. मला मनस्वी राग यायचा.

मग अचानक पिठाच्या पिशव्या संपू लागल्या. सगळ्यात जास्त न्यायच्या मागच्या गल्लीतल्या तंजावरी मराठी मामी. मी हरखून आमच्या खात्याच्या अधिकारी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एखाद्या घरी जाऊन बघू. मी त्यांना थेट मामींकडेच नेलं.

मामी परसात गाईपुढे घमेलं धरून उभ्या होत्या. घमेल्यात माझं पीठ, पाण्यात कालवलेलं. रिकामी पिशवी बाजूलाच पडलेली.

"ये गे," मामी मराठीत म्हणाल्या, "तुझं हें पुण्णाकु फार चांगलं. दूध बघ कसं दाट झालं!" पुण्णाकु म्हणजे तमिळमध्ये पेंड. बाईंना मराठी येत नव्हती, पण तो शब्द कळला, आणि पिशवीही दिसली.

"हे गाय खाते की माणसं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मामींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दोघंही," त्या तमिळमध्ये शांतपणे म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी नवी पिशवी फोडली, मूठभर पीठ भाजलं, गूळ-तूप घालून लाडू वळला आणि आमच्यासमोर खाल्ला. मग दुसरा वळला. तोही खाल्ला. आठवड्यातून तीनदा करते, असंही ठोकून दिलं.

बाई खूश झाल्या. जीपमध्ये चढताना मला म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे. कायम करायला सांगते."

मी परत आत धावले. मामी विहिरीपाशी खळखळून चुळा भरत होत्या. मला रडूच आलं. "मामी, कशाला हो खाल्लंत?"

"मग? गाईनं खाऊन तुझी नोकरी राहणार होती का गे?" पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, आणि फोडलेली पिशवी उचलून गोठ्याकडे गेल्या.