दोन ‘व’ आन माहं एक तोंड

अमरावतीच्या राजापेठेत माह्याएवढं इंग्रजी कोनी ऐकलं नसन. ऐकलं म्हनतो मी, समजलं तं अजून एक अक्षर नाही.

माही गिल्या, म्हंजे दह्यातल्या, वड्याची गाडी एका इंग्रजीच्या क्लासखाली लागते. वरची खिडकी उघडी असते, आन रोज संध्याकाळी सारे पोट्टे एका सुरात काहीबाही म्हनत राह्यतात. ते वर ‘वॉटर’ म्हनले का मी खाली गिऱ्हाइकाले पानी देतो. येवढाच माहा आन इंग्रजीचा संबंध. शाळेत मी गेलो होतो म्हना, पन मास्तर आन माहं जमलं नाही. ते छडी घेऊन मांगं, मी दप्तर टाकून पुढं. शेवटी तेच थकले.

पोरगी मात्र शिकली. कोनावर गेली देव जाने. बी.ए. केलं, बी.एड. केलं, आन इंग्रजीचीच मास्तरीन होईन म्हने. दोन शाळांत जाऊन आली. दोन्हीकडं “कळवतो” म्हनले आन कळवलं नाही. मंग अकोल्याच्या एका इंग्रजी शाळेचं बोलावनं आलं. तिथी नुसती मुलाखत नोती, वर्गातल्या पोट्ट्यायसमोर खरोखरचा धडा घेऊन दाखवाचा होता. धडा काय, तं इंग्रजीतले सारखेच वाटनारे आवाज येगळे कसे काढाचे.

“बाबा, हे बी गेलं तं मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसीन,” ती म्हने. “मंग इंग्रजीचं नाव नाही काढनार.”

मी हसलो. ती नाही हसली. तवा मले समजलं का हे मजाकचं नाही.

आता धडा घोकाले इद्यार्थी पायजे. शेजारचे पोट्टे ट्युशनले गेलेले. तिची माय म्हने, मी इद्यार्थी झाली तं भाकरी कोन थापन? मंग उरलो मी.

“बाबा, तुमाले समजलं तं कोनालेबी समजन,” पोरगी म्हने.

मले वाटलं, तारीफ करून राह्यली. मी छाती काढून खुर्चीत बसलो.

पहिल्याच दिवशी तिनं सांगतलं का इंग्रजीत ‘व’ दोन आहेत.

“दोन कायले?” मी म्हनलं. “आमाले एकच झेपत नाही. विहिरीले आमी इहीर म्हनतो, वेळेले येळ म्हनतो. आमच्याजवळ ‘व’ उरलाच कुठी?”

“बाबा, लक्ष द्या. एका ‘व’ले वरचे दात खालच्या ओठावर टेकवाचे आन हवा सोडाची. व्हॅन. दुसऱ्याले दात लावाचेच नाहीत. ओठ गोल कराचे, फुकनीनं चूल फुकता तसे. वॉटर.”

दात टेकवाचे तं कुठी टेकवाचे? खालचा ओठ मी खर्ऱ्याले केव्हाचाच भाड्यानं देला होता. सुपारी, तंबाखू आन चुना पन्नीत घोटून आमच्याकडं जो खर्रा भेटते, तो. दात टेकवले का सुपारी टोचे, ओठ गोल केले का सुपारी उडे. एक तुकडा तं सीधा तिच्या ओढनीवर जाऊन बसला.

“थुका पहिले!” ती वरडली. “आन माहा धडा होइस्तोर खर्रा बंद. घ्या शपथ.”

घेतली. पन खर्रा गेला तरी ‘व’ काही आला नाही. व्हॅनच्या येळी ओठ गोल होत, वॉटरच्या येळी दात पुढं येत. ती म्हने उलटं करा. मी उलटं केलं तं दोन्ही येळी दात आले. तिनं माह्यासमोर आरसा धरला. आरशातलं थोबाड पाहून मीच दचकलो. तिची माय भाकर थापता थापता मांगं वळून म्हने, “अजी, दाढ दुखून राह्यली का?”

मंग निघाले ‘स’ आन ‘झ’. त्याच्यासाठी गळ्यावर हात ठेवाचा म्हने. ‘स’ म्हनलं का गळा शांत राह्यते, ‘झ’ म्हनलं का हाताले भुंगा लागते. मी हात ठेवला. स म्हनलं, झ म्हनलं. दोन्ही येळी भुंगा.

“मले तं ‘स’लेबी भुंगा लागून राह्यला.”

“तो कफ होय, बाबा.”

असं रोज चाले. मी चुकलो का ती आरसा धरे. पुन्हा चुकलो का फुकनी सांगे. तरी चुकलो का गळ्यावर हात. माह्या चुकीच्या मापानंच तिनं सारा धडा शिवला. मी कुठी चुकीन हे तिले पाठ झालं. मी काहून चुकून राह्यलो हे मात्र मले शेवटलोक कळलं नाही. राती मी एकटाच ओठ गोल करून पाहो, तं घरवाली पाठ करून झोपे.

धड्याच्या दिवशी आमी दोघं सकाळच्या एस.टी.नं अकोल्याले गेलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, पोरीचे ओठ आपले आतल्या आत हलून राह्यले. तिले पाहून मलेच खर्ऱ्याची तलफ आली. अकोल्याच्या स्टँडवर ती तोंड धुवाले गेली, आन मी हळूच खर्रा घेऊन गालात सारला. शपथ अमरावतीत घेतली होती, हे तं अकोला होतं.

शाळेत ती वर्गात गेली. मी बाहेर व्हरांड्यात, खिडकीजवळच्या बाकावर. वर्गात मांगच्या बाजूले मोठ्या बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर.

पोरीनं झकास सुरुवात केली. “व्हॅन,” म्हनली. साऱ्या पोट्ट्यायनं दात टेकवून व्हॅन म्हनलं. “वॉटर,” म्हनली. साऱ्यायचे ओठ गोल. ‘स’ झाला, ‘झ’ झाला, सारं पहिल्याच दमात बरोबर. मी खुश. मनात म्हनलं, वा रे माही पोरगी!

पन ती थांबली. हातात आरसा, आन दाखवाचा कोनाले? घरी तं मी चुकलो का तिचं पुढचं वाक्य निघे. इथी कोनी चुकलंच नाही, तं पुढचं वाक्य निघन कसं? तिनं पुन्हा व्हॅन म्हनलं. पोट्ट्यायनं पुन्हा बरोबर म्हनलं. एकानं जांभई देली. मोठ्या बाईनं घड्याळाकडं पाह्यलं. मले काही समजेना. सारं बरोबर चालू आन पोरीचं तोंड रडाले झालं.

तिनं खिडकीकडं पाह्यलं.

“काका, जरा आत येता का?”

मी मांगं वळून पाह्यलं. मांगं भिंत होती.

“तुमीच, काका.”

काका? सकाळपासून तं मी बाप होतो. उठलो, आन उठल्यावर ध्यानात आलं का तोंडात खर्रा आहे. थुकाव तं बाई पाहून राह्यली, ठेवाव तं तोंड उघडत नाही. गिळून टाकला आन आत गेलो. तो पोटात जाच्या आधीच वर्ग माह्याभोवती फिराले लागला आन उचकी सुरू झाली.

“या काकायले आपन शिकवू,” पोरगी म्हने. “काका, व्हॅन म्हना.”

“वॅ...हिक्.”

सारा वर्ग हसला. जांभईवाला पोट्टा पहिले उठला. “अंकल, दात! दात लावा!” एक पोट्टी आरसा घेऊन आली. दुसऱ्यानं माहा हात धरून माह्याच गळ्यावर ठेवला. “अंकल, झ म्हना. हलून राह्यलं का?”

“सारंच हलून राह्यलं, बाप्पा,” मी म्हनलं.

“काका कुठी चुकले, कोन सांगन?” पोरीनं इचारलं, तं साऱ्यायचे हात वर. मंग ती अशी सुटली जशी घरी सुटे. आरसा, फुकनी, गळा, सारं एकामांगं एक. पोट्टे मले सांगत, मी उलटं करत, ते पुन्हा सांगत. मोठ्या बाईनं रुमाल तोंडाले लावला. हसून राह्यल्या का माह्या तोंडाच्या वासानं लावला, मले आजलोक कळलं नाही. मी मदत करून राह्यलो का पोरीच्या नोकरीचा सत्यानाश करून राह्यलो, तेबी कळत नोतं. मी आपला खरोखर ‘व’ म्हनाची कोशिश करून राह्यलो होतो.

घंटा झाली. मी नळाखाली डोकं धरून बसलो. पोरगी ऑफिसातून आली, आन माह्या वल्या डोक्यावर हात ठेवून म्हने, “सोमवारपासून ये म्हनलं.”

परतीच्या एस.टी.त माही उचकी थांबली आन जबान सुरू झाली. मी म्हनलं, “पाह्य, बापाले नाही म्हनशीन का आता? माह्यामुळं लागली नोकरी. आन हे काका काय लावलं होतं वो? बाप म्हनाची लाज वाटली का?”

ती खिडकीबाहेर पाहत म्हने, “बाबा, बाईनं मले इचारलं, या काकायले तुमी आधी कधी शिकवलं होतं का? मी म्हनलं, नाही, आजच पाह्यलं. इतके दिवस शिकवून तुमी असे राह्यले हे कळलं असतं, तं मले ठेवलं असतं का तिनं?”