भावजींनी बरी केलेली माणसं

माणसाचं कुठलंही दुःख कंप्युटरच्या एका चौकोनात बसवता येतं, बसत नसेल तर दोष दुःखाचा, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्याच घरचा जावई निघावा हे आमचं नशीब. माझ्या नणंदेचे यजमान. आम्ही इथले जुने, पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेले. मराठी बोलताना मधूनच 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणणारे आणि कॉफीशिवाय डोळे न उघडणारे. भावजी पुण्याचे. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत उभा जन्म काढला, सर्जापूर रोडवर फ्लॅट घेतला, आणि इतक्या वर्षांत कन्नड शिकले ते 'स्वल्प' एवढंच, तेही रिक्षावाल्याशी घासाघीस करायला. पण जावई पडले! जावयाच्या पानात वाढायचं असतं, त्याची चूक काढायची नसते. या रीतीपायी किती घरं बुडाली असतील देव जाणे. आमचं समुपदेशन केंद्र बुडता बुडता वाचलं.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चौकोनी ठिपक्यांचं एक चित्र चिकटवलेलं असे. त्यावर मोबाइल धरला की आत तूरडाळ आहे हे कळायचं. 'झाकण उघडलं तरी कळतं की हो,' असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, 'वहिनी, उघडून बघणं हे स्केलेबल नाही.' घरातला पंखा बिघडला तर वन्संनी आधी त्यांच्या मोबाइलवर तक्रार पाठवायची, मग त्यांनी ती स्वीकारायची, मग तिला क्रमांक मिळायचा, आणि मग भावजी शेजारच्या खोलीतून उठून यायचे. वन्सं सोशिक. घामानं निथळत हसायच्या आणि म्हणायच्या, 'तक्रार पोचलीय हो माझी. वारा काय, येईल मागाहून.'

त्या वन्सं अचानक गेल्या. भावजी चारचौघांत रडले नाहीत. दिवसकार्य उरकलं त्या संध्याकाळी आलेल्या यच्चयावत पाहुण्यांच्या मोबाइलवर त्यांनी वायफाय नीट चालू करून दिलं. वन्संचं नाव मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. अगदीच वेळ आली तर 'आमची ही', आणि लगेच विषय बदलायचा. मग थोड्याच दिवसांनी एका सकाळी, शहराच्या त्या टोकाहून या टोकाला ट्रॅफिक तुडवत, ते आमच्या केंद्रात हजर झाले आणि मला म्हणाले, 'वहिनी, तुमच्याकडे इतकी माणसं रडून जातात, त्याचा डेटा कुठे आहे?'

आमचं केंद्र म्हणजे यशवंतपूरजवळ एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. वर माणसं रडतात, खालून ताज्या बनचा वास येतो. बहुतेक मंडळी जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतली आणि त्यांच्या घरची. कंप्युटर होता आमच्याकडे, नाही असं नाही. कुणी तरी दान दिलेला. आयुधपूजेला त्याला हळदकुंकू वाहून पुढं लिंबू ठेवायचं आणि पुन्हा कापड पांघरायचं, एवढंच त्याचं काम. भावजींनी ते कापड ओढून काढलं आणि आमच्या सुखाचे दिवस संपले.

आता आलेल्या माणसानं आधी आपलं दुःख यादीतून निवडायचं. 'कौटुंबिक, सासूकडून', 'कौटुंबिक, सुनेकडून', 'व्यसन, स्वतःचं', 'व्यसन, दुसऱ्याचं', आणि शेवटी 'इतर'. सगळा पीण्या 'इतर'मध्ये जाऊन बसला. एक गृहस्थ दारातच हुंदके देत कोसळले, तर भावजी पाण्याचा पेला हातात धरून त्यांना सांगताहेत, 'आधी लॉगिन करून घ्या, मग मोकळेपणानं रडा.' एक नवी सून सासूच्या जाचाचं सांगायला चोरून आली होती. तिचा नंबर भरला, ओटीपी सुटला, आणि पोचला थेट सासूच्या हातात, कारण त्या घरात मोबाइल एकच आणि तो सासूच्या कनवटीला! दुसऱ्या दिवशी सासूबाई सुनेला घेऊन स्वतः जिना चढून आल्या आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. भावजींनी मात्र एका केसच्या दोन झाल्या म्हणून आलेखात ती वाढ दाखवली.

पण खरा घोळ घातला तो तोंडांनी. बोलणं संपलं की जाताना प्रत्येकानं टॅबवर एका तोंडाला बोट लावायचं: हसरं, मधलं किंवा रडकं. आता तुम्हीच सांगा, आपल्यातलं कुठलं म्हातारं माणूस घरी परत निघताना रडक्या तोंडाला हात लावील? अपशकुन तो! दिव्याला सुद्धा 'विझला' म्हणत नाही आपण. तासभर पदरानं डोळे पुसलेल्या बायका उठायच्या, टॅबला नमस्कार करायच्या आणि हसऱ्या तोंडाला बोट लावून तेच बोट कपाळाला लावायच्या. भावजींचा आलेख असा चढला की विचारू नका. देणगीदार आले, टाळ्या वाजवून गेले. मी म्हटलं, 'भावजी, हे खोटं आहे.' तर म्हणाले, 'वहिनी, तुम्हाला माणसं बरी झालेली बघवत नाहीत.'

आणि त्यांनी पुढची पायरी गाठली. जो काही आठवडे सलग हसऱ्या तोंडाला बोट लावील त्याची फाइल आपोआप बंद, आणि मोबाइलवर संदेश: 'अभिनंदन! आपण पूर्ण बरे झाला आहात.' पहिला संदेश गेला पद्माक्कांना.

पद्माक्का आमच्या दर गुरुवारच्या. मुलगा मंजू पीण्यात लेथवर होता. कामावरून परतताना अपघातात गेला. घरात सून आणि लहान नात. सुनेला त्याचं नाव सहन होत नाही, नातीसमोर काढायचं नाही, म्हणून त्या घरात मंजूचं नाव कुणी घेत नसे. गुरुवारी आमच्या खोलीत येऊन पद्माक्का ते तासभर घ्यायच्या. माझा मंजू असा, माझा मंजू तसा. बस्स, एवढंच. त्या जोरावर पुढचे सहा दिवस निघायचे. संदेश आल्यावर शेजारणीनं तो वाचून दाखवला, आणि या माउलीनं काय करावं? गल्लीभर मैसूरपाक वाटला! आणि येणं बंद केलं. मी फोन केला तर म्हणतात, 'बरी झाले की मी, अक्का. माझी जागा आता दुसऱ्या कुणाला द्या.' पुढच्या आठवड्यात सुनेचा फोन आला, सासूला ती 'अत्ते' म्हणते: 'अत्ते जेवत नाहीत. बोलत पण नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. मला भीती वाटते.'

त्या दिवशी जावईपण गेलं खड्ड्यात. इतका संताप आला होता मला! मी भावजींना सरळ सांगितलं, 'त्या बाईला काही झालं तर तुमचा आलेख मी तुमच्याच गळ्यात बांधीन. आत्ताच्या आत्ता फाइल उघडा.' भावजी खाली मान घालून पुटपुटले, 'उघडत नाही. बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडायची सोय ठेवलेली नाही. आलेख खाली येतो.' कपाळ माझं!

रिक्षा केली आणि त्यांना घेऊन पीण्याला गेले. पद्माक्का वाळून काडी झालेल्या. तरी उठल्या, पेल्यातून कॉफी दिली. भावजी सिस्टिमची त्रुटी समजावू लागले. त्यांना मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, 'अण्णा, मशीन कशाला खोटं बोलेल? बोट मीच लावलं होतं.' मी परत चला म्हणून विनवलं तर मान हलवली. 'गल्लीला गोड वाटलंय मी. आता कुठल्या तोंडानं जाऊ? लोक विचारतील, पुन्हा काय झालं?'

मी निघायला उठले. तेवढ्यात भावजी म्हणाले, 'तुम्हाला काही नाही झालं. मला झालंय. मला बोलायचं असेल तर... याल का? ऐकायला?' वा रे पठ्ठ्या, मी मनात म्हटलं, नामी युक्ती काढली! पद्माक्कांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. 'कुणाबद्दल बोलायचंय, अण्णा?'

'आमची ही... गेली.'

'नाव काय तिचं?'

भावजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. पेल्यातली कॉफी मांडीवर सांडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं, तेव्हा मला कळलं की ही युक्तीबिक्ती काही नव्हे. पद्माक्कांनी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. 'असू दे. इथं नको. गुरुवारी तिथं या, स्वल्प निवांत बसून बोलू. मी येते,' त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून नेसायला धुवट लुगडं काढून ठेवायला सांगितलं.

गुरुवारी दोघं आतल्या खोलीत बसली. मी कॉफी घेऊन दारापाशी गेले तर आतून भावजींचा आवाज येत होता, इतका मोठा की मी चपापलेच. 'अलकाला दोडका अजिबात आवडायचा नाही हो, पण मला आवडतो म्हणून अलका जन्मभर...' आणि त्याच्यावरच पद्माक्कांचा आवाज, 'माझा मंजूपण तसाच! ताटात येईल ते...' दोघंही एकाच वेळी बोलत होती. ऐकत कुणीच कुणाचं नव्हतं. आमच्या शास्त्रात याला समुपदेशन म्हणत नाहीत. शिकाऊ मुलींनी असं केलं तर मी रागावते. मी कॉफी बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि त्यांना कळणार नाही अशा बेतानं दार ओढून घेतलं.