वेखंड, अळू आणि एक किरकिरी कुमुदिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या पुढे, रस्त्याकडेच्या नर्सरीत उभी होते. हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुमुदिनीचा कंद होता आणि नर्सरीवाला पिशवी शोधत होता. "शैला, मंदा गेली गं," एवढंच दादा म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला... मागे हॉस्पिटलातला स्पीकर कुणाचं तरी नाव पुकारत होता. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पिशवी घ्यायची राहूनच गेली आहे, कंद मी मांडीवर धरून ठेवलाय आणि ड्रेस भिजलाय. तो कंद मंदावहिनीनेच मागवला होता. ती माझी भावजय, आणि खरं सांगायचं तर सख्ख्या भावापेक्षा माझं तिच्याशीच जास्त जमायचं.

वहिनी आपटा गावची. पाताळगंगेच्या काठावर वाढलेली. लग्न होऊन पनवेलला आली, एका कचेरीत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर परसातली जागा खणून घेतली. आम्हाला वाटलं, आता मेथी-मुळे खायला मिळणार. पण तिला हवं होतं तळं! दोन खाटा मावतील एवढं लहानसं, पण तळं. शेजारणी म्हणाल्या, डास होतील. तिने त्यात गप्पी मासे सोडले आणि शेजारणींना सांगितलं, "डासांचा समाचार मासे घेतील. तुम्ही अळूवड्यांचा घ्या." अळू तिने तळ्याच्या काठावर, जिथून पाणी पाझरतं तिथे लावलं होतं. त्याच्या वड्या खाऊन विरोध पहिल्याच पावसाळ्यात मावळला.

तळ्यात काय लावायचं हे ठरवायची तिची पद्धत मात्र कडक होती. कळंबोलीहून निळे प्लास्टिकचे पिंप आणून, मधोमध कापून तिने भिंतीलगत मांडले होते आणि डासांसाठी त्यांतही मासे सोडले होते. नवीन झाड आधी त्यात राहायचं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे काढला, तर तळ्यात प्रवेश. मी त्या पिंपांना 'पाहुण्यांची खोली' म्हणायचे. दर रविवारी मी खारघरहून जायची आणि आम्ही दोघी पाटावर बसून पाहुण्यांची उणीदुणी काढायचो. पाणकणसाची कणसं देखणी, पण एकदा शिरलं की दुसऱ्याला हातपाय पसरू देत नाही, म्हणून बाद. जलपर्णीचं जांभळं फूल मला भारी आवडायचं, पण तिला फाटकाच्या आतसुद्धा घ्यायचं नाही, असा हुकूम होता. जलब्राह्मी गरीब, पांढरी बारीक फुलं देते आणि कडेकडेने सरकत राहते. वेखंडाची पाती तलवारीसारखी उभी, चुरडली की लहान बाळाच्या अंगाला येतो तसा वास. "हे आपल्या घरचं," वहिनी म्हणायची.

दादाला कमळ हवं होतं. लोकांना दाखवायला घरात एक कमळ असावं, एवढीच त्याची बागकामातली गती. वहिनीने त्याला परोपरीने सांगितलं की कमळाला दिवसभर ऊन लागतं आणि शेजारची इमारत उभी राहिल्यापासून आपल्या परसात ऊन दुपारपर्यंतच टिकतं. कुमुदिनी निदान अर्ध्या दिवसाच्या उन्हावर भागवते. तिचं पान पाण्यावर निजतं, कमळाचं वर उभं राहतं, हा फरकही तिने दाखवला. दादा म्हणाला, "निजलेलं काय आणि उभं काय, शेवटी कमळच ना?" वहिनीने कपाळावर हात मारला आणि तरीही दोन्ही झाडं पिंपांत लावली.

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही आणि तिनेही आमच्यापासून ठेवला नाही. त्या दिवसापासून पाहुण्यांची परीक्षाच बदलली. फूल किती मोठं, वास कसा, हे प्रश्न बंद झाले. एका रविवारी ती मला म्हणाली, "शैला, आता मला फक्त अशी झाडं हवीत, जी ह्यांच्या हातून मरणार नाहीत." मी हसले, कारण दादाने घरातलं मनीप्लांटसुद्धा वाळवून दाखवलं होतं. ती हसली नाही.

ऑपरेशनसाठी ती हॉस्पिटलात होती तेव्हा दादाने ठरवलं की तिची झाडं आपण सांभाळायची. मनापासून ठरवलं, तिथेच घात झाला. त्याला पिंपातलं हिरवट पाणी बघवेना. त्याने रोज सगळं पाणी उपसून नळाचं ताजं पाणी भरलं. पिंपांत बुडवलेल्या कुंड्यांतला चिखल घाण म्हणून धुऊन काढला आणि मुळं देवघरातल्या भांड्यांसारखी ब्रशने घासली! कमळ गेलं, कुमुदिनी कुजली, पिंपांतले मासे उलटे होऊन तरंगले. वहिनी घरी आल्यावर तो दारातच अपराध्यासारखा उभा राहिला. एरवी वहिनी तुमच्याआमच्यासारखंच बोलायची, पण फार चिडली किंवा फार माया आली की तिच्या तोंडी आपट्याची बोली यायची. पिंपांवरून आणि तळ्याकाठावरून नजर फिरवून ती म्हणाली, "बरं जालं. वेखंड हाय, अळू हाय, ब्राह्मी हाय. तुमच्या हातून जी वाचली, ती आता कशानं मरत नाय." दादाला रागवावं तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं, असं मला वाटलं. पण नाही, ती खरंच सुटल्यासारखी दिसत होती.

उरलेल्या दिवसांत ती पाटावर बसून सांगायची आणि मी लावायची. तळं वेखंडाने, ब्राह्मीने भरलं. दादाला एकच ताकीद होती, "तुमी हात लावू नका, बस."

आमची शेवटची भेट हॉस्पिटलातच झाली. दादा औषधं आणायला खाली गेला होता. वहिनी म्हणाली, "एक चूक झाली गं. तळ्याला आता कुणाचीच गरज नाही. मग हे परसात कशाला येतील? खुर्चीत बसून राहतील नुसते." मी म्हटलं, राहू देत की. तर म्हणाली, "एक कुमुदिनी आण. तिची जुनी पानं सारखी पिवळी पडतात, ती काढावी लागतात. खायला खत मागते, पाणी शिळं मागते, नळाचं औषध रात्रभरात उडून गेलेलं. किरकिरी आहे. यांना जमेल... शिकव." तेवढ्यात दादा आला आणि आम्ही जेवणाच्या डब्याबद्दल बोलू लागलो.

दिवसकार्य होईपर्यंत तो कंद माझ्याकडे बादलीत होता. सगळे पाहुणे गेल्यावर मी तो घेऊन गेले. दादा खरोखरच खुर्चीत बसलेला होता. वहिनी काय म्हणाली होती ते मी त्याला सांगितलं. अगदी सगळं, ती खुर्चीची गोष्टसुद्धा. तो उठला, पँट दुमडली आणि विचारलं, "चिखल धुवायचा नाही ना?"

आता काही आठवडे झालेत. मी अजूनही रविवारी जाते. दादा पाटावर बसून मनगटापर्यंत हात पाण्यात घालतो आणि पिवळं पान देठातून खुडतो. "काय वैताग आहे हे झाड, कालच साफ केलं होतं!" असं मला ऐकवतो, आणि त्या वैतागाचा त्याला अभिमान आहे हे लपत नाही. फूल अजून आलेलं नाही. मला वहिनीची आठवण तिथेच सर्वांत जास्त येते आणि रडूही तिथेच येतं. मी नळावर तोंड धुते, तेव्हा नळाखालची तिची लाल बादली हमखास पायाशी येते. परवा मी ती उचलून पाणी ओतणार, तोच दादा ओरडला, "अगं, राहू दे! पाणी शिळं व्हायला नको का?" आणि त्याने बादलीवर ताट झाकलं. "उद्यासाठी भरून ठेवलंय ते."