सावंगीच्या पार्किंगमध्ये बंद पडलेली गाडी

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण शब्द तोंडाशी येत नाही. सिंचन खात्यात अभियंता होते. रविवार आला की गाडीचं बॉनेट उघडून बसायचे. मला मात्र पेट्रोल कुठून भरतात एवढंच माहीत. आता तीच ऑटोमॅटिक गाडी मी चालवते. रोहण्याहून सावंगीच्या दवाखान्यात, त्यांना बोलायला शिकवतात तिथे घेऊन जाते.

त्या दिवशी तिथल्या मॅडमनी चित्रं दाखवली. कप, छत्री, गाय. प्रत्येक चित्राला यांचं एकच, "न… न…". बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, ब्रेक दाबून किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, पंखा सुरू झाला. इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली, तेच.

"न," ते म्हणाले.

"हो, नाही होत सुरू," मी म्हटलं.

पार्किंगमधला गार्ड आला. "बॅटरी उतरली असन बाई," म्हणत त्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तोवर यांनी डावा हात अंगावरून ओढत पलीकडच्या गिअरच्या दांड्यावर नेला. मी तो बाजूला केला. थोड्या वेळाने पुन्हा नेला. मला धसका, गाडी सरकली तर? गाडीच्या मागेच माणसं बसलेली.

मेकॅनिक आला. दुसऱ्या बॅटरीची वायर लावली. काही नाही. फ्यूज पाहिले. खाली वाकून मला किल्ली फिरवायला लावली. टक असा आवाजही नाही. "स्टार्टर गेला वाटते. टोचन करून, दुसऱ्या गाडीले बांधून न्या लागन."

"न! न!" यांनी दांड्यावर थापा मारायला सुरुवात केली. कपाळावरची शीर फुगली होती.

"काका, तुमी शांत बसा. मी पाहून राह्यलो ना," मेकॅनिक म्हणाला. मीही त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. त्यांनी तो हिसकावून घेतला आणि बोट समोरच्या काट्यांकडे केलं. गिअर कोणता ते दाखवणारं अक्षर तिथे असतं. पार्किंगचा 'पी'. ती जागा कोरी होती.

"न म्हणजे… न्यूट्रल?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, दांडा न्यूट्रलला आणला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

मेकॅनिक खिडकीशी आला. "मंग गिअरचा स्विच खराब हाय बाई. गाडी पार्किंगच्या गिअरमध्ये हाय, हे गाडीलेच समजत नाई. म्हणून स्टार्टरले करंट जात नाई." मीटर लावून त्याने दांडा मागेपुढे करायला सांगितलं. न्यूट्रलला मीटर वाजायचं, पार्किंगला आलं की गप्प. स्विच नागपूरहून मागवावा लागेल, तोवर न्यूट्रलमध्येच सुरू करजा, म्हणाला.

मला वाटलं, हे खूश होतील. पण घरी जाताना वाटेत पुलगाव येईपर्यंत ते रडत होते. आनंदाने की रागाने, कळलं नाही. "चुकलं माझं, मला समजलं नाही," असं मी दोनदा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

पुलगावच्या पुढे ते अचानक "पा… पा…" म्हणू लागले. मी गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती ढकलली. पाय दुखतो का? पाठ? पान हवंय? मी एकेक विचारत गेले, ते मान हलवत राहिले. मग तेही थांबवलं. बाजूच्या शेतात कपाशीवर फवारणी चालली होती, तिकडे बघत बसले.

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.