जावयाच्या ताटातली शेवभाजी

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांची मला थोडी भीतीच वाटते. फ्रीजरमधलं मटण त्या आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. सकाळी गोळा बोटाने दाबतात. मधे कडक लागला तर पातेल्याला हात लावत नाहीत. आधी खळखळून उकळी, मगच मंद आच.

नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला, त्या दिवशी त्यांच्या यजमानांनी, नानांनी, अजून मधे कडक असलेलं मटण लवकर नरम व्हावं म्हणून सकाळपासून उन्हात ठेवलं होतं. अक्कांनी वास घेतला नाही, विचारलं नाही. सगळं फेकून दिलं. जावयापुढे शेवभाजी आली.

नाना कुजबुजले, "जवाई रुसी जाई."

अक्का जावयादेखत मोठ्यानं म्हणाल्या, "रुसना ते समजाडी लिसू. आजारी पडना ते आपली पोरले काय सांगू?"