काकूंचं अडेनियम आणि माझं कोकोपीट

मंडळी, सकाळपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये शेजारी निर्मला काकू राहतात. त्यांची कंबर दुखते, मातीच्या जड कुंड्या हलवता येत नाहीत. म्हणून गुलाबी फुलांचं त्यांचं लाडकं अडेनियम मीच हौसेने कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या हलक्या भुशात, लावून दिलं. वरून सुकलेलं दिसलं की पाणी घाला, असंही सांगितलं.

आज सकाळी त्यांनी हाक मारली. झाड कलंडलं होतं. बुंधा दाबून पाहिला तर मऊ. वरचा भुसा कोरडा, पण बोट घातलं तर आत सगळा ओलागच्च.

"माझ्याच हातून पाणी जास्त पडलं गं," काकू म्हणाल्या.

मी "होतं असं कधीकधी" म्हणून घरी आले. पण दुपारी परत गेले.

"काकू, चूक माझी आहे. कोकोपीट आत पाणी धरून ठेवतं, अडेनियमला ते सोसत नाही. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत."

 काकू म्हणाल्या, "सकाळीच सांगायचंस ना. तेव्हापासून मी स्वतःलाच बोल लावत बसले."

एक फांदी अजून घट्ट आहे. ती कापून, लावण्याआधी सुकत ठेवलीय. फांदीपासून अडेनियम कोणी जगवलंय का?