तुळसाबाईचं मडकं

पहाटे चारला तुळसाबाईचा दिवस सुरू होई. लंबी रोटीची कणीक सैल भिजवून, परातीत आपटून आपटून तार निघेपर्यंत मळावी लागते. घाई चालत नाही. लग्न शहरातल्या महाल भागातलं असो की बाहेर मौद्याचं, पालथ्या मडक्याखाली लाकडं पेटवून तिच्यासारखी रोटी कोणी टाकत नसे. गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि अलगद मडक्यावर सोडायची. भोक पडलेली रोटी ती पंगतीला जाऊ देत नसे, स्वतः खाई.

जाळापुढे बसून बसून दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग चढले. त्यांचं तिला काही वाटत नव्हतं. रोट्यावालीला फोटोत कोण घेतो? पण लेकीचं, रोशनीचं, लग्न ठरलं. आता नवरीची आई म्हणून फोटोत उभं राहणं आलं.

डाग घालवायला सीताबर्डीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी केमिकल पील केलं, म्हणजे वरची कातडी सोलून काढणारं औषध लावलं. औषध गालावर मिरचीसारखं झोंबलं. बाई म्हणाल्या, "पापुद्रे निघतील, ओढू नका. उन्हात जाऊ नका."

तुळसाबाईने एकही पापुद्रा ओढला नाही. डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधून सावलीसावलीने चालली. आणि ऊन उतरलं की मडक्यापुढे बसली.

पुढच्या खेपेला डाग आणखी काळे.

"उन्हात गेलात ना?"

"नाही जी. दुपट्टा सोडलाच नाही."

"मग काय केलं?"

"रोट्या टाकून राहिली होती. संध्याकाळच्या."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, कातडीला ऊन काय नि जाळ काय, सारखंच."

मग तुळसाबाई नुसती कणीक मळायच्या कामाला जाऊ लागली. मडक्यापुढे दुसऱ्या बाया बसत आणि ती दुरून बघत चडफडे. गाल निवल्यावर पुन्हा पील झालं. डाग पुरते गेले नाहीत, पण फिके पडले.

राहिला प्रश्न रोशनीच्या लग्नातल्या रोट्यांचा. त्या आपल्याच हातच्या, असं तिने पोरीच्या जन्मापासून धरलेलं. शेवटी ती दुसऱ्या रोट्यावालीकडे, इंदूबाईकडे, रोट्या सांगायला गेली. जिच्या रोटीला ती पापड म्हणायची, तिच्याकडे.

लग्नाच्या दिवशी ती तीनदा मडक्याकडे वळली.

"जाळ जास्त हाय वं, इंदू."

"तू काहून आली इकडं? जाय, फोटो काढ. माह्या पापडाले हात नको लावू."

रोशनीने तिला दंडाला धरून नेलं. फोटो निघाला. पंगतीत इंदूबाईने आणलेल्या पहिल्याच रोटीला भोक होतं. तुळसाबाईने ती आपल्या ताटात ओढून घेतली आणि सावकाश, सगळी खाल्ली. जाळापुढे कमावलेल्या पैशांतून तिने पहिल्यांदाच दुसरीच्या हातची रोटी विकत घेतली होती.